ग्रिप प्लायर 8203 की 8205? सी-क्लॅम्पवाल्या खोक्यांचा वाद

बंदरवाला, उरण (धागाकर्ता)

रत्नागिरी-मालवणकडचे हार्डवेअरवाले न्हावा-शेव्यातून ग्रिप प्लायर मागवतात, तेव्हा एका मालात बहुधा तीन प्रकार असतात: वाकड्या जबड्याचा 10 इंची, लांब चोचीचा 6 इंची आणि वेल्डिंगसाठी सी-आकाराचा 11 इंची. इनव्हॉइसवर तिन्हींसमोर एकच नाव, 'प्रेशर प्लायर', आणि एकच कस्टम्स टॅरिफ कोड, 8203 20 00 (प्लायर वगैरेंचा). सी-आकाराच्या खोक्यांवर कस्टम्सची हमखास क्वेरी निघते की हे क्लॅम्प आहेत, 8205 70 00 का नाही?

माझं मत, तिन्ही 8203 20 च. यंत्रणा एकच आहे. मुठीच्या शेपटीतला स्क्रू जबड्याचं अंतर ठरवतो. मूठ दाबली की आतली पट्टी सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाते आणि जबडा अडकून बसतो. सोडवायला मुठीतली छोटी लिव्हर. पुढे जबडा कसला बसवला यावरून हत्यार बदलत नाही. शिवाय 8203 मध्ये प्लायरचं नाव घेतलेलं आहे आणि 8205 हे 'इतरत्र न सांगितलेल्या' हत्यारांचं हेडिंग, म्हणजे चार अंकी गट. नाव घेतलेलं असताना उरल्यासुरल्यात कशाला शिरायचं?

अर्धविराम, पनवेल

8205 अर्धंच वाचलंत. 'इतरत्र न सांगितलेली' ही अट फक्त पहिल्या तुकड्याला, म्हणजे हातहत्यारांना आहे. त्यानंतर अर्धविराम, मग ब्लो लॅम्प, पुन्हा अर्धविराम, मग 'व्हाइस, क्लॅम्प आणि तत्सम', फक्त मशीन टूलचे सुटे भाग व अ‍ॅक्सेसरीज वगळून. म्हणजे क्लॅम्पचंही नाव घेतलेलंच आहे. प्लायरला जेवढा मान, तेवढाच क्लॅम्पला.

आणि दोन्ही हेडिंगं खरोखर तोडीस तोड वाटली, तर टॅरिफच्या अर्थनिर्णयाचा नियम 3(क) लागतो: क्रमाने जे शेवटी येतं ते घ्या. 8203 नंतर 8205 येतं. म्हणजे बरोबरी झाली तरी तुम्ही हरता.

फिटर, मालवण

माका एक सांगा, सी-क्लॅम्पान नट कोण फिरवता? तेका दात नाय, कटर नाय, टोकाक नुसत्यो दोन फिरत्यो टिकल्यो. होडयेच्या इंजिनाचो गोल झालेलो नट काढूक वाकड्या जबड्याचोच प्लायर लागता. सी-वालो फक्त पत्रो धरून ठेवता, टाका मारीसर.

बंदरवाला, उरण

@फिटर, धरून ठेवणं ही कसोटी लावलीत तर वाकड्या जबड्याचा प्लायरही तेच करतो. लॉक करून हात सोडा, पाइपावर लटकून राहतो. मग काय, तोही क्लॅम्प?

@अर्धविराम, 3(क) पर्यंत जायचं कारणच नाही. नियम 1 वर, हेडिंगच्या शब्दांवरच निकाल लागतो. हातात धरून, मूठ आवळून वापरायचं, दोन जबड्यांचं, खिळीवर फिरणारं हत्यार म्हणजे प्लायर.

अर्धविराम, पनवेल

लटकून राहतो म्हणून क्लॅम्प, असं मी म्हटलेलंच नाही. लॉक हा दोघांतला समान भाग आहे, म्हणून तो निकालात काढा. उरतं ते तोंड. वाकड्या जबड्याचे दात पकडतात आणि पिळतात, मुळाशी कटर असेल तर तार तोडतात. सी-आकाराची दोन बोटं मुद्दाम बाहेर फुगवलेली असतात, कारण पत्र्याची कड किंवा अँगलचा कान ओलांडून पलीकडे पोचायचं असतं. टोकाचे फिरते पॅड तिरक्या पृष्ठभागावर सपाट बसतात. पिळलंत तर पॅड निसटतात. बाजारात याला प्लायर म्हणतात ते मुठीमुळे, कामामुळे नाही.

खातेवही, रत्नागिरी

दोघांनी दम घ्या. दोन्ही कोडांवर मूळ शुल्क 10 टक्के आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 18 टक्के धरा. सीआयएफ मूल्य (माल, विमा आणि जहाजभाडं मिळून) 1,00,000 रुपये असेल तर मूळ शुल्क 10,000, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 1,000, आणि 1,11,000 वर आयजीएसटी 19,980. एकूण 30,980. यातले 19,980 क्रेडिटमध्ये परत मिळतात. खरा खर्च 11,000, कोड कुठलाही लावा. एवढ्यासाठी कंटेनर अडवून डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचं भाडं) भरणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

अर्धविराम, पनवेल

दर सारखा आहे तोवर ठीक. पण माल व्हिएतनाम किंवा थायलंडचा असेल आणि आसियान करारातली सवलत मागितली असेल, तर मूळ देशाच्या प्रमाणपत्रावरचा सहा अंकी कोड बिल ऑफ एन्ट्रीशी, म्हणजे आयातीच्या घोषणापत्राशी जुळावा लागतो. 21 सप्टेंबर 2020 पासून कॅरोटार, म्हणजे करारातल्या सवलतीसाठी मालाचा मूळ देश तपासण्याचे नियम, लागू आहेत. माल कुठे, कसा तयार झाला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते. प्रमाणपत्रावर 8203.20 आणि कस्टम्सची शुल्क-आकारणी (असेसमेंट) 8205.70 वर, की सवलत लटकली. मग ते 11,000 सुद्धा गौण राहत नाहीत.

बंदरवाला, उरण

इथे सहमत. म्हणूनच कोड आपला आपण मधेच बदलू नका. सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 28 खाली कमी भरलेलं शुल्क दोन वर्षांपर्यंत मागता येतं, लपवाछपवी ठरली तर पाच वर्षांपर्यंत. वर्णन खरं असेल आणि कोडाबद्दल फक्त मतभेद असेल, तर ती खोटी घोषणा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नॉर्दर्न प्लास्टिक्स खटल्यात 1998 मध्ये सांगितलंय. म्हणून कोडापेक्षा वर्णनाला जपा.

'प्रेशर प्लायर' हे शब्द पुरवठादाराला आधी काढायला लावा. ते वाचून हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं हत्यार आहे का, 8467 मध्ये जातं का, असा नवाच फाटा फुटतो. त्याऐवजी प्रत्येक प्रकाराची वेगळी ओळ हवी: हाताने चालणारा लॉकिंग प्लायर, वाकडा जबडा, कटरसह, क्रोम व्हॅनेडियम, 250 मिमी. सी-वाल्यासमोर पॅडचा आकार आणि जास्तीत जास्त उघडीप लिहा. कॅटलॉगचं पान ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सच्या ऑनलाइन कागदपत्र यंत्रणेवर, आधीच चढवा. क्वेरी आल्यावर चढवलं की दोन-तीन दिवस गेलेच.

खातेवही, रत्नागिरी

आणि तीन प्लायर एका पाऊचमध्ये, एक एमआरपी लावून येतात, ते?

अर्धविराम, पनवेल

त्यातच तर गंमत आहे. तिन्ही 8203 चे मानले तर पाऊचही 8203 20. सी-वाला 8205 चा मानला, की दोन वेगळ्या हेडिंगांतली हत्यारं किरकोळ विक्रीच्या संचात आली, म्हणजे पाऊच 8206. सुटा माल दोन कोडांवर आणि पाऊच तिसऱ्याच कोडावर!

बंदरवाला, उरण

म्हणूनच म्हणतो, 8203 20 सोडू नका. दरमहा कंटेनर येणाऱ्याने कलम 28एच खाली मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे, म्हणजे कोडाचा निर्णय आधीच देणाऱ्यांकडे, अर्ज टाकावा. तो निर्णय अर्जदारापुरताच बांधील असतो, शेजाऱ्याचा निर्णय दाखवून आपला माल सुटत नाही. वर्षाला एखादं खोकं आणणाऱ्याने त्या फंदात पडू नये, कलम 18 खाली तात्पुरतं असेसमेंट मागून बाँडवर माल सोडवावा.

जेटीवाला, हर्णै

सुट्या भागांचं कोणी बोललंच नाही. खाऱ्या हवेत या प्लायरची आतली स्प्रिंग सगळ्यात आधी जाते, मग स्क्रूचे आटे धरतात. जबडा वर्षानुवर्षं चालतो. त्यामुळे इकडे स्प्रिंगचीच मागणी जास्त. त्याही 8203 वरच लावायच्या ना?

अर्धविराम, पनवेल

नाही. प्रकरण 82 ची टीप 2 बघा. भाग हत्याराबरोबर जातात, पण सर्वसाधारण वापराचे भाग सरसकट बाहेर. लोखंडी-पोलादी स्प्रिंग 7320, आट्यांचा स्क्रू 7318. सुटा जबडा किंवा लिव्हर मात्र 8203 20.

बंदरवाला, उरण

सी-वाल्याचा सुटा जबडा सोडून, असं म्हणायचंय ना तुम्हाला?

अर्धविराम, पनवेल

अर्थात. तो 8205 70.