मदत हवी आहे : न्यायाधीशांच्या उत्तरदायित्वाविषयी प्रश्नावली कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ‘न्यायाधीशांना जाब कोणी विचारायचा?’ या विषयावर चर्चा ठरली असून, त्याआधी सभासदांची मते घेण्यासाठी छोटी प्रश्नावली तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कच्चा मसुदा काही जणांना दाखवला, तेव्हा ‘न्यायव्यवस्थेवर तुमचा विश्वास आहे का?’ या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. ज्यांचा वाटणीचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळला आहे त्यांनी तारखांचा पाढा वाचला. ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही त्यांनी बिनदिक्कत ‘पूर्ण विश्वास’ असे लिहून दिले. अशा उत्तरांतून काहीच हाती लागत नाही.

निकाल न पटणे आणि न्यायाधीशाचे वर्तन आक्षेपार्ह असणे यांची लोक सर्रास गल्लत करतात, असे मला वाटते. निकालाविरुद्ध अपील करता येते. वर्तनाच्या तक्रारीची वाट मात्र न्यायालयाच्या पायरीनुसार बदलते. जिल्हा व दुय्यम न्यायालयांवर राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करायचे तर लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांच्या सह्या, त्रिसदस्य समितीची चौकशी आणि दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरील आरोप चौकशी समितीने ग्राह्य धरले होते, तरी काँग्रेसचे सदस्य मतदानापासून अलिप्त राहिल्याने लोकसभेत प्रस्ताव बारगळला.

हे ऐकल्यावर एक काका ताडकन म्हणाले, ‘मग नेमणुका सरकारनेच कराव्यात!’ म्हणून ‘नेमणूक न्यायाधीशांनी करावी की सरकारने?’ असा प्रश्न घातला, पण तोही फसवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द ठरवलेल्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती अशी सरमिसळ होती. हा पर्याय माझ्या प्रश्नात कुठेच बसत नाही.

स्वतःच्या खटल्याचा राग किंवा ऐकीव आदर बाजूला राहील, असे प्रश्न कसे लिहावेत? शिवाय ठाणे किंवा बेलापूर न्यायालयात वकिली करणाऱ्या कोणी हेही सांगावे, की दुय्यम न्यायाधीशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे तक्रार केल्यास तिचे पुढे काय झाले हे तक्रारदाराला लेखी कळवले जाते का? सभासद हे नक्की विचारणार.