चार दिवसांची थार आणि पांढरी पाटी

ओळखीच्या गृहस्थांची थार (महिंद्राची जीपसारखी गाडी) चार दिवस भाड्याने घेऊन नाशिकहून भंडारदऱ्याला जाण्याचा आपला बेत छानच आहे, आणि अशी गाडी घेताना काय काळजी घ्यावी हा आपला प्रश्नही रास्त आहे. मात्र स्टॅम्प पेपरवर करार केला की काम भागते, हे इथे कुणीतरी मांडलेले मत मला पटत नाही. पांढऱ्या पाटीची (नंबरप्लेटची) गाडी खासगी वापरासाठी नोंदलेली असते, त्यामुळे ती पैसे घेऊन दिल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परमिटचा, म्हणजे गाडी भाड्याने देण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचा, प्रश्न उभा राहतो आणि घाटात काही विपरीत घडले तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, मग करार कितीही पक्का असो. स्वतः चालवण्यासाठी रीतसर भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. शक्यतो तीच घ्यावी.

एकदा अशीच गाडी परत करताना स्टेपनीच्या कव्हरवरील जुना ओरखडा माझ्या माथी मारला गेला. (अनामत रकमेतले दोन हजार गेले, ते वेगळेच.) तेव्हापासून चावी हातात घेण्यापूर्वी मालकासमोरच गाडीभोवती फिरून मोबाइलवर चित्रीकरण करतो, त्यात किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटाही घेतो.