गरम झाली की चालता चालता बंद, २० मिनिटांनी पुन्हा चालू: जुनी डिझेल गाडी

होटगीरोड११:
२०११ची गाडी, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल, १ लाख ६२ हजार किलोमीटर. सकाळी अर्ध्या सेल्फला घेते. गावात दिवसभर फिरवा, तक्रार नाही. पुण्याच्या रस्त्याला लागलो की दुपारच्या उन्हात मोहोळच्या पुढे कुठंतरी एकदम बंद. झटके नाहीत, धूर नाही, चावी फिरवून बंद केल्यागत. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी घेत नाही. बॉनेट उघडून २० मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. चेक इंजिनचा दिवा नाही. डिझेल फिल्टर आणि बॅटरी नवी टाकली. एक मिस्त्री म्हणतो पंप उतरवू, दुसरा म्हणतो इंजेक्टर. कुणाचं ऐकू?

सातरस्ता_डिझेल:
दोघांचंही नको, अण्णा. डिझेल कमी पडलं की गाडी दम तोडत, हिसके देत बंद पडते. खटकन बंद पडली तर आधी करंट बघायचा. पुढच्या वेळी आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत असतात, म्हणजे काटा जागेवर राहायला पाहिजे. तो टपकन शून्यावर पडला तर क्रँक सेन्सरचा (इंजिन किती फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) सिग्नल गेला. आणि बंद पडल्यावर ब्रेक पंप करत बसू नका, ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. एकदाच घट्ट दाबून कडेला घ्या.

बोरामणीनाका:
वरचं बरोबर, पण काट्यावर भागत नाही. ब्लूटूथ स्कॅनर गाडीतच ठेवा आणि *बंद पडलेली असतानाच* सेल्फ मारून दोन आकडे वाचा. गॅरेजला नेईपर्यंत ती थंड होते आणि सगळं ठीक दाखवते, म्हणून तर मिस्त्री अंदाजावर जातात.

आरपीएम शून्य दाखवलं तर सेन्सर, नाहीतर त्याची वायर. आरपीएम २००-२५० येतोय पण रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पाइपातलं) २०० बारच्या आसपासही चढत नाही, तर डिझेलची बाजू. दोन्ही ठीक असतील तर रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक).

दोन वायरींचा सेन्सर असेल तर आत केसासारख्या तांब्याच्या तारेची कॉइल असते. तारेला चीर गेली की गरम झाल्यावर फट उघडते, गार झाल्यावर पुन्हा टेकते. तुमची २० मिनिटं तीच. काढून मल्टिमीटर लावा: बहुतेक सेन्सर थंड असताना ५०० ते १५०० ओहमच्या मध्ये दाखवतात. मग मीटर लावलेलाच ठेवून हेअर ड्रायरनं तापवा. आकडा थोडा वाढणारच, पण एकदम उडाला तर चोर सापडला. तीन वायरींचा असेल तर ओहम मोजू नका, त्याला अर्थ नाही. तिथं सप्लाय, अर्थ आणि सिग्नल तपासायचा.

आसराचौक_७:
सेन्सर घ्यायच्या आधी कपलर (वायरींचा जोड) उघडून बघा की ओ. वायर ब्रॅकेटवर घासून सोललेली असते, पिना हिरव्या पडलेल्या असतात. मेन रिलेही सोडू नका, आतलं सोल्डर तडकलं की हीच लक्षणं. त्याच नंबरचा दुसरा रिले बॉक्समध्ये असेल तर अदलाबदल करून चालवा, फुकटातली टेस्ट आहे.

इंजेक्टरवाला अगदीच चुकीचा नाही म्हणा. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेला इंजेक्टर जास्त परत सोडतो. पण मग आपण बंद केलेली गाडी गरम असताना लवकर घेत नाही, ८०च्या वेगात खटकन बंद पडत नाही. खात्रीच करायची तर चार सारख्या बाटल्यांना रिटर्न पाइप लावून आयडलला चालवा, एकीत दुप्पट भरलं तर तो इंजेक्टर. इंजेक्टरचा लोखंडी पाइप मात्र चालू इंजिनवर ढिला करू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांत चालायचं, इथं शेकडो बारचं प्रेशर असतं, डिझेल कातडीत घुसतं.

होटगीरोड११:
काल बंद पडली तेव्हा बघितलं. काटा लगेच शून्य. सेल्फ मारताना स्कॅनरवरही आरपीएम शून्य. पी०३३५ पेंडिंगमध्ये होता, दिवा तरी लागला नव्हता. सेन्सर दोन वायरींचा. कपलरमध्ये ऑइल.

बोरामणीनाका:
पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. दिवा न लागण्यात नवल नाही, पेंडिंग म्हणजे कोड अजून पक्का झालेला नाही. सेन्सरवरचा पार्ट नंबर लिहून त्याच नंबरचा घ्या, दिसायला सारखा म्हणून घेऊ नका. बसवताना ओ-रिंगला ऑइलचं बोट लावा आणि हातानं दाबा. हातोडी लागली की टोक फुटतं. कपलर काँटॅक्ट क्लीनरनं धुऊन वाळवा. ऑइल वरून टॅपेट कव्हरमधून ओघळतंय की फ्लायव्हीलकडच्या सीलमधून, ते बघाच, नाहीतर धुतलेला कपलरही पुन्हा तसाच भिजेल.

कोड पुसून भर दुपारी तुळजापूरचा घाट चढून या, स्कॅनर लावलेलाच ठेवून. पुन्हा शून्य आलं तर सेन्सरपासून ईसीयूपर्यंतच्या (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही वायरी हलवत हलवत मोजाव्या लागतील.