'जंगल बुक' नक्की कुणाची? 'फक्त चित्रं' काढणाऱ्यांची की आवाज देणाऱ्यांची?

कुंचला:
लॉकडाऊनमध्ये एप्रिल २०२० ला दूरदर्शनने 'जंगल बुक' पुन्हा दाखवली होती, त्याची आठवण काढताना रविवार_सकाळ यांनी परवा लिहिलं, "ही आपली मालिका. जपान्यांनी फक्त चित्रं काढून दिली, जीव आपण ओतला." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

माझं पोट टू-डी ॲनिमेशनवर चालतं. 'फक्त चित्रं' हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. ही मालिका निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीची. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. एकूण ५२ भाग, टीव्ही टोकियोवर ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९०, आठवड्याला एक. तेव्हा कॉम्प्युटरने रंग भरत नव्हते. आधी मुख्य चित्रं, मग मधली, मग प्रत्येक चित्राच्या रेघा सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक तावावर उतरवायच्या आणि सेल उलटा करून रंग मागच्या बाजूने भरायचा. पार्श्वभूमी वेगळी, कागदावर पोस्टर रंगात. मग एकेक सेल कॅमेऱ्याखाली ठेवून फ्रेम-फ्रेमने शूटिंग. भागाला तीन हजार चित्रं धरली तरी दीड लाखाच्या पुढे जातात. दीड लाख! हाताने!

आणि त्यात प्राणी. माणूस चालवणं सोपं. लांडगा चालवायचा तर चार पाय, खांद्याची हाडं वरखाली, पाठीचा कणा, शेपूट. कळप पळताना दाखवायचा तर चित्रकाराचा जीव जातो. म्हणून पळण्याचं एक आवर्तन काढून ते वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर पुन्हा वापरायचं. टीव्हीच्या वेळापत्रकात दुसरा इलाज नसतो. तरीही आपल्याला ते जंगल खरं वाटलं ना? ते कुणामुळे? किपलिंगचं पुस्तक १८९४ चं, आवाज आपले. मधलं सगळं त्या 'फक्त चित्रं' काढणाऱ्यांचं आहे. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्या पिढीला माहीत नाही आणि वर आपण म्हणतो, मालिका आपली.

रविवार_सकाळ:
कुंचला, माझं वाक्य अर्धवट उचललंत. चित्रं वाईट असं मी कुठेच म्हटलेलं नाही. माझा मुद्दा हा की महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बसून मी ती मालिका पाहिली तेव्हा माझ्यापर्यंत काय पोहोचलं? गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, नाना पाटेकरांचा शेरखान. जपानमध्ये शीर्षकगीत वेगळं होतं, ते आपण कुणी ऐकलेलंही नाही. गाणं लागलं की गल्ली रिकामी व्हायची. त्यांच्या संगीताचा 'माचिस' सिनेमा १९९६ चा. भारद्वाजांचं नाव घराघरात पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्यांची चाल पोहोचली होती.

आणि एक सांगा. २०१० मध्ये हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने परदेशी भागीदारांबरोबर थ्री-डीमध्ये 'जंगल बुक' मालिका केली. कंपनी इथली. ती कुणाला 'आपली' वाटते? कुणालाच नाही. म्हणजे 'आपलं' वाटणं हे चित्र कुठे काढलं यावर ठरत नाही.

कुंचला:
तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. हैदराबादच्या मालिकेलाही हिंदी आवाज देता येतात, गाणं लावता येतं. तरी ती मनात राहिली नाही. राहिली ती हाताने काढलेली.

रविवार_सकाळ:
राहिली कारण तेव्हा दुसरं काही नव्हतं हो! रविवारी सकाळी एकच वाहिनी. आपल्याकडे कार्टून नेटवर्क आलं १९९५ ला, तेही केबल असलेल्यांच्या घरी.

माईकसमोर:
तुम्ही दोघं भांडताय आणि दोघांच्याही वादात डबिंग म्हणजे 'नाना आणि गाणं'. आता मला राग आलाय.

मी बावीस वर्षं डबिंग करते. लोकांना वाटतं कागद समोर धरून वाचायचं. चित्रातलं तोंड आधीच उघडून मिटलेलं असतं, त्यात आपलं वाक्य बसवायचं. अशा मालिकांमध्ये ओठांच्या अवस्था मोजून तीन: बंद, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. त्यामुळे लांबून काही कळत नाही, पण जवळच्या दृश्यात ओठ मिटलेले असताना तुमच्या वाक्यात 'आ' आला की लहान पोरालाही खटकतं. मग संवाद लिहिणारा रात्रभर बसून 'प', 'ब', 'म' शोधतो. अर्थ तोच ठेवायचा, लांबी तीच, आणि मोगली दहा वर्षांच्या पोरासारखाच बोलला पाहिजे. हे भाषांतर नाही, पुन्हा लिहिणं आहे. संगीत आणि पार्श्वध्वनींचा ट्रॅक मूळचा येतो, पण श्वास, हुंदके, धाप, ओरडणं बहुतेक वेळा सगळं नव्याने करावं लागतं. लांडग्याच्या पिल्लांचं कुईकुई करून घसा बसलेला मी अनुभवला आहे. त्या कामाचे पैसे एका स्टुडिओने आठ महिन्यांनी दिले आणि शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर नाव आलंच नाही.

नानांचं नाव सगळ्यांना ठाऊक, कारण ते नाना. शेरखान त्यांनी अप्रतिम केला, वादच नाही. २०१६ च्या सिनेमाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखानसाठी त्यांनाच बोलावलं. पण या मालिकेतल्या मोगलीचा आवाज कुणाचा? बलूचा? अकेलाचा? इथे किती जण न शोधता सांगू शकतील? कुंचला, तुमच्या जपानी चित्रकारांची नावं निदान जपानमध्ये नोंदलेली आहेत. आमची कुठे आहेत?

सातपुडी:
मला मूळ वादात रस नाही, पण "ते जंगल खरं वाटलं" हे वाचून थांबलो. कुणाला खरं वाटलं?

मी नागपूरचा. पेंचचं जंगल अर्धं मध्य प्रदेशात, अर्धं आमच्या जिल्ह्यात. किपलिंगची टेकडी म्हणजे शिवनी, आमच्यापासून तीन तासांवर. तो तिथे कधी आलाच नव्हता. जन्म मुंबईचा, १८६५ चा, आणि पुस्तक लिहिलं अमेरिकेत व्हरमाँटला बसून. त्याने ऐकीव जंगल लिहिलं, जपान्यांनी त्या ऐकीव जंगलाचं चित्र काढलं. मालिकेतला तो किची आठवतो? लाल पांडा! पुस्तकात तो नाहीच, मालिकेसाठी घातलेला. लाल पांडा राहतो सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचलच्या थंडीत. शिवनीच्या मे महिन्यात त्याचं काय होईल? आणि मोगलीच्या हातात बूमरँग. गोंड पोराच्या हातात मी बूमरँग कधी पाहिला नाही भाऊ. साग, मोह, तेंदू यातलं एक झाड ओळखू येईल असं काढलं असतं तर मानलं असतं.

कुंचला:
किचीचं मान्य. बूमरँगचंही. झाडांबाबत मी भांडलो असतो, पण तुम्ही तिथले, मी नाही.

कोकणकडा:
चित्रं जपानची, आवाज मुंबईचे, जंगल पेंचचं, सगळं झालं. आता मुख्य प्रश्न कुणी विचारेल का? मराठीत का नाही?

शेरखानचा आवाज मराठी माणसाचा. नागपूरचे भाऊ सांगताहेत तसं जंगल अर्धं महाराष्ट्रात. लेखक मुंबईत जन्मलेला. आणि महाराष्ट्रातली पोरं मालिका बघतात हिंदीत! मुंबई दूरदर्शनवर 'किलबिल' होतं, म्हणजे लहान मुलांसाठी मराठीत करता येत होतं. पण कार्टून म्हटलं की हिंदी. आज माझी मुलगी खेळताना हिंदीत बोलते. "बाबा, बचाओ." घरात दोघंही मराठी. ती सवय तिथूनच लागली.

रविवार_सकाळ:
तुमची मुलगी २०२४ मध्ये हिंदी बोलते याचा दोष नव्वदीतल्या मालिकेला? रविवार सकाळचे कार्यक्रम दिल्लीहून, सगळ्या देशासाठी एकच प्रक्षेपण. मुंबई केंद्राने मराठी आवाज जोडायचा म्हटलं तरी लावणार कुठे?

कोकणकडा:
संध्याकाळच्या मराठी वेळेत. इच्छा असती तर जागा निघाली असती.

माईकसमोर:
इच्छेबरोबर पैसे लागतात, कोकणकडा. ५२ भागांचं लेखन, कलाकार, स्टुडिओचे तास. पण तुमचं दुखणं मलाही दुखतं. मराठीत कार्टून डबिंगची कामं नियमित असती तर आमच्यातल्या किती जणींना हिंदीचे उच्चार घासत बसावे लागले नसते. माझ्या हिंदीतल्या 'च' वरून मला पहिल्या वर्षी दोनदा परत पाठवलं होतं.

सातपुडी:
आमच्याकडे विदर्भात सगळ्यांना हिंदी येतंच. आम्हाला काही अडलं नाही.

कोकणकडा:
तुम्हाला अडलं नाही म्हणून कुणालाच अडलं नाही? हाच तो दृष्टिकोन. पुण्या-नागपूरला येतं ना, मग झालं. गुहागरच्या पोराने काय करायचं?

सातपुडी:
पुण्याच्या रांगेत नागपूरला बसवू नका. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विदर्भावर 'सगळं मिळतं' असा आरोप केला.

कोकणकडा:
आवाज चढवायचा असेल तर मलाही चढवता येतो.

अबोली:
थांबा जरा. मी गुहागरची नाही, पण तिथून फार लांबचीही नाही. मला उत्तर माहीत आहे, कारण मी ते केलंय.

आमच्या वाडीत टीव्ही एकच, खोतांच्या पडवीत. रविवारी सगळी पोरं तिथे आणि माझी आजीही. तिला हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. मी आठ वर्षांची. ती मला मांडीशी बसवायची आणि म्हणायची, "सांग गो, काय म्हणतोय तो." मग मी सांगायचे. शेरखान बोलला की मी आवाज जाड करायचे. मला स्वतःला हिंदी निम्मंच कळायचं, उरलेलं मी मनाचं घालायचे. कितीतरी भागांची गोष्ट आजीने माझ्याकडून चुकीची ऐकली असणार. एकदा मोगली एकटाच रानात बसलेला दाखवला, कुणी काही बोलत नव्हतं. आजी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "त्या पोराला कोणीतरी घरी न्या गो." तिथे मला काही सांगावं लागलं नाही.

कोकणकडा, मराठीत असती तर आजीला सगळं नीट कळलं असतं. तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण त्या क्षणी ना हिंदी होतं, ना गाणं, ना नाना. नुसतं चित्र होतं, बसलेल्या पोराच्या पाठीचं. म्हणून माझं मत कुंचलांच्या बाजूला.

माईकसमोर:
अबोली, आठ वर्षांच्या वयात तुम्ही जे करत होतात त्यालाच डबिंग म्हणतात. उरलेलं मनाचं घालणंसुद्धा. त्यामुळे तुमची आजी माझ्या बाजूलाही मोजते मी.

रविवार_सकाळ:
ठीक आहे. 'फक्त' हा शब्द मी मागे घेतो. चुकला. पण 'आपली' हा शब्द घेणार नाही, कितीही लिहा. बलू, हाथी, शेरखान, बंदरलोग हे शब्द किपलिंगने इथून उचलले, इंग्रजीतून ते जपानला गेले आणि हिंदीत परत आले. घरी परतलेल्या पोराला आपलं म्हणणं गुन्हा नाही.

कुंचला:
'फक्त' मागे घेतलात, एवढं मला पुरे. 'आपली'वर माझं तुमच्याशी जमणार नाही. आणि माईकसमोर, माझ्या पहिल्या मजकुरात मीही आवाजांना दोन शब्दांत उरकलं. तुमच्या हिंदी कलाकारांच्या नावांचं खरंच काही करता येईल का? कुणाकडे तेव्हाचं घरी केलेलं रेकॉर्डिंग आहे? शेवटच्या पाट्यांसकट?

सातपुडी:
माझ्या मामांच्या कपाटात व्हीएचएसच्या टेप आहेत. एकीवर 'जंगल बुक' लिहिलेलं नक्की पाहिलंय. पाट्या आहेत की नाहीत देव जाणे, मामा जाहिराती आणि नावं आली की रेकॉर्डिंग थांबवायचे. शिवाय रिळावर पांढरी बुरशी दिसते.

माईकसमोर:
बुरशी असेल तर व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. टेप तुटेल, हेडही खराब होईल. आधी कोरड्या जागी ठेवा, साफ करणारी माणसं मुंबईत अजून आहेत, मी विचारते. टेप किती तासांची आहे ते बघून सांगा.

सातपुडी:
१८० मिनिटांची. रविवारी मामांकडे जातोय. घेऊन येतो.

कोकणकडा:
आणि मराठीचं?

अबोली:
टेप साफ होऊन आली की मला एक भाग पाठवा. यावेळी नीट सांगते, मनाचं न घालता.