जॅझ कीबोर्डवाल्या सन राने स्वतःचं लेबल (रेकॉर्ड कंपनी) काढलं ते बरं केलं का?

धागाकर्ता: जॅझमधल्या कीबोर्डवाल्याचं स्वतःचं लेबल म्हटलं की सगळे लगेच डेव्ह ग्रुसिनचं जीआरपी पुढे करतात. चाललं छान, नाही म्हणत नाही, पण 1978 ला सुरू केलं आणि 1990 ला एमसीए या बड्या कंपनीला विकून मोकळे. मला विचाराल तर खरं स्वतंत्र लेबल सन राचं. त्याने आणि त्याचा व्यवहार बघणाऱ्या आल्टन अब्राहमने 50 च्या दशकात शिकागोत सॅटर्न काढलं, रेकॉर्डी मोजक्याच छापायच्या, कित्येक कव्हरं बँडवाल्यांनीच हाताने रंगवायची आणि कार्यक्रमातच विकायच्या. कुणाच्या बापाला विचारायला नको!

रविवारचा_श्रोता: कलेक्टर लोकांना आज गोड वाटतं हो ते. तेव्हा दुकानात रेकॉर्डच मिळत नसेल तर ऐकणार कोण? आणि गोंधळ तरी किती, एका बाजूला एक सेशन, मागे भलतंच, काहींवरचं कागदी लेबल कोरं. 'कॉस्मिक टोन्स फॉर मेंटल थेरपी' 1963 ला वाजवली आणि बाहेर आली 1967 ला. ह्याला स्वातंत्र्य म्हणायचं की भोंगळ कारभार?

धागाकर्ता: तीच रेकॉर्ड घ्या ना मग. ड्रमर टॉमी हंटरने टेप रेकॉर्डरच्या आउटपुटची वायर परत त्याच्याच इनपुटला लावली आणि तो विहिरीतून आल्यासारखा घुमणारा आवाज निघाला. मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरने फॉल्ट म्हणून पुसून टाकला असता.

काळी_पाच: हे काही पटलं नाही. 'स्पेस इज द प्लेस' 1973 ला ब्लू थंबने काढली, म्हणजे बाहेरच्या कंपनीने, आणि त्यात एकच ट्रॅक अख्खी बाजू खातो. वेडेपणा कुठे कमी झाला? माणूसच तसा होता, लेबलला कशाला श्रेय.

धागाकर्ता: बरं, वाजवणं सोडा. 70 च्या दशकात इम्पल्स या जॅझ कंपनीने सॅटर्नच्या जुन्या रेकॉर्डी परत काढल्या आणि थोड्याच वर्षांत हात झटकले. सगळं त्यांच्याच भरवशावर असतं तर?

रविवारचा_श्रोता: तेवढं मान्य. पण 90 च्या दशकात एव्हिडन्सने सीडी काढल्या तेव्हा कुठे माझ्यासारख्याला ऐकायला मिळालं, आणि ते परत दुसऱ्याच कंपनीमुळे. ग्रुसिनला उगाच नावं ठेवू नका राव.