उष्ण प्रदेशातील आइस हॉकीच्या इतिहासाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहतो आणि आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी अमेरिकेच्या दक्षिण भागातील आइस हॉकीच्या इतिहासावर लेख लिहीत आहे; त्यात एका मुद्द्यापाशी अडलो आहे.

मैदानाखालच्या काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळ्यांतून अतिथंड द्रव खेळवून जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ टिकवतात, हे तासगावकडची बेदाण्याची शीतगृहे पाहिलेल्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. कोडे आहे ते प्रेक्षकांचे. अटलांटा शहरात १९७२ साली आलेला फ्लेम्स संघ १९८० मध्ये कॅनडातील कॅलगरीला गेला आणि १९९९ साली खेळू लागलेला थ्रॅशर्स संघही २०११ मध्ये कॅनडातीलच विनिपेगला हलवला गेला. म्हणजे एकाच शहराने दोन संघ गमावले. याउलट फ्लोरिडात १९९२ साली सुरू झालेल्या टॅम्पा बे लाइटनिंगने २००४, २०२० आणि २०२१ मध्ये स्टॅनली कप हा या खेळातील सर्वांत मानाचा करंडक जिंकला. कॅनडाचा विख्यात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की १९८८ साली लॉस एंजेलिसला गेल्यावर उष्ण भागांत या खेळाची ओढ वाढली, हे पटते. पण तेवढ्याने अटलांटाचे अपयश उलगडत नाही. मला तरी हवामानापेक्षा मालकांचे व्यवहार अधिक कारणीभूत वाटतात.

आपण किंवा आपले नातलग त्या भागात राहिले असल्यास, अटलांटातील सामन्यांना गर्दी कशी असे आणि तिथली मुले हा खेळ कुठे व किती खर्चात शिकतात, हे कृपया सविस्तर कळवावे.