पोरं खाली खेळायला जातच नाहीत, काय करावं?

जुळेसोलापूरचा_बाबा:
मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. मागच्या महिन्यात चष्मा लागला, दोन्ही डोळ्यांना मायनस दीड. डॉक्टर म्हणाले मोबाईल कमी करा ते आहेच, पण रोज दोनेक तास बाहेर उजेडात राहू द्या. आता बाहेर म्हणजे कुठं? आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बॉल खेळायला बंदी, बोर्डच लावलाय, एकदा कुणाच्या तरी गाडीचा आरसा फुटला तेव्हापासून. रस्त्यावर टमटम आणि कुत्री. आणि खरं सांगायचं तर ढकलून खाली पाठवला तरी दहा मिनिटांत वर येतो, म्हणतो खाली कुणीच नाही. तुम्ही कसं जमवता?

चादरवाला:
काय बे, आपल्या वेळी आई काठी घेऊन घरात हाकलायची, आता घरातनं बाहेर हाकलायची पाळी आली 😄 आम्ही अशोक चौकाकडची पोरं, अर्धे मित्र घरी तेलुगू बोलायचे, अर्धे कन्नड, पण गल्लीत लगोरीची भांडणं मराठीत. शहाबादी फरशीचे सात तुकडे कुठल्याही बांधकामावर फुकट मिळायचे. आता गल्लीत तेवढ्या जागेत चार गाड्या उभ्या असतात. होम मैदानावर न्या की, गड्डा जत्रेचे दिवस सोडले तर मोकळंच असतंय.

जुळेसोलापूरचा_बाबा:
जुळे सोलापूरहून रोज होम मैदान कुठं जमतंय दादा, मी घरी येतो साडेसातला.

निवृत्त_पीटी_सर:
डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. बाहेरच्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि त्यामुळं डोळ्याचा गोळा मागच्या बाजूनं लांबत जाणं, म्हणजे मायनस नंबर लागणं, कमी होतं असं मानतात. तैवानमध्ये २०१० पासून शाळेतल्या मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढतात ते याचसाठी. एक लक्षात घ्या, लागलेला नंबर यानं उतरत नाही, मुख्य फायदा चष्मा लागायच्या आधीच, म्हणून धाकटं भावंडं असेल तर त्यालाही पाठवा. आणि रणरणत्या उन्हात उभं करायची गरज नाही, झाडाच्या सावलीतसुद्धा घरातल्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो, तेव्हा सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. बाकी क्लास लावू नका. स्केटिंगचा क्लास म्हणजे अजून एक शिकवणी.

विजापूररोडची_आई:
तुमचा मुलगा "खाली कुणीच नाही" म्हणतो ना, तेच खरं दुखणं आहे हो. प्रत्येकाची आई हेच म्हणते की खाली कुणी नाही म्हणून पाठवत नाही, आणि पाठवत नाही म्हणून खाली कुणी नाही. मी फक्त तीन आयांना पकडलं आणि वेळ ठरवली, सहा म्हणजे सहा, शाळा असो नसो. एक मोठं माणूस कट्ट्यावर बसणार, पाळीपाळीनं, पण खेळात तोंड घालायचं नाही. पहिले चार दिवस पोरं नुसती उभी, एकमेकांच्या तोंडाकडं बघत, कारण त्यांना खेळ येतच नव्हते! मग माझ्या सासूबाई खाली उतरल्या, दुधाच्या पावडरचा रिकामा डबा घेतला आणि डबा ऐसपैस शिकवलं. बॉल नाही त्यामुळं कुणाचा आरसा नाही, आणि गाड्या लपायला कामी येतात 😀 आता तो डबा इतका चेपलाय की उभा राहत नाही, पण बदलू देत नाहीत. राज्य कुणावर यावरून रोज रडारड. रडू दे. एक काका आवाजाबद्दल वर तक्रार घेऊन आले होते, त्यांच्याच नातीला खेळात घेतलं, त्यानंतर काही बोलले नाहीत.

चादरवाला:
सासूबाईंना आमच्या गल्लीत पाठवा 🙏

जुळेसोलापूरचा_बाबा:
बॉल नको हे डोक्यातच नाही आलं. आमच्या विंगमध्ये त्याच्या वयाची पाच तरी पोरं आहेत, दोघांच्या वडिलांचा नंबर आहे माझ्याकडं. मी नसतो पण आई घरी असते, तिला गुडघ्यामुळं जिना जमत नाही, लिफ्टनं खुर्ची खाली नेऊन ठेवतो. राज्य द्यायचा नियम नेमका काय आहे, डबा आणेपर्यंत मागं बघायचं नाही ना?

विजापूररोडची_आई:
हो, फेकलेला डबा उलट्या पावलानं आणायचा, आमच्याकडं तरी तसंच आहे. तुमच्या आईंना विचारा, त्यांचा नियम वेगळा निघेल.